निळ्या क्रेटमधली अकरा अंडी

मी एक जुना निळा क्रेट आहे. माझा एक कोपरा फुटलेला आहे, पोटावर तांबड्या रंगाची फुली आहे, आणि दिघीत एका पत्र्याच्या खोलीमागे, भिंतीच्या कडेला, मी राहतो. मित्रांनो, टेम्पोत एकावर एक रचलेले माझे भाऊबंद तुम्ही पुष्कळदा पाहिले असतील. त्यांच्याकडे कोणी थांबून बघत नाही. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. क्रेटने माल वाहावा, एवढंच त्याच्याकडून मागितलेलं असतं. मीही तेवढंच करत आलो. पण गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडून एक चूक झाली. ती करणारा मी एकटा नव्हतो, तरी तिच्यातला माझा वाटा मला सांगितला पाहिजे.

चाकणजवळच्या एका शेडमध्ये मी जन्मलो. निळे दाणे तापले, वितळले, साच्यात शिरले, आणि मिनिटभरात मी बाहेर पडलो. अंगात ऊब होती तोवरच एका बाईने माझ्या कडा सुरीने खरवडून साफ केल्या. आठवड्याभरात माझी रवानगी भोसरीच्या एका कारखान्यात झाली. तिथे लोखंडाचे दांडे घासून, कातून तयार होत. ते माझ्यात भरायचे आणि मोशीवरून चाकणच्या मोठ्या कंपनीत पोचवायचे. रिकामा परत यायचो, भरून पुन्हा जायचो.

मला भरणारा माणूस म्हणजे चिमाजी. कळंब तालुक्यातून आलेला, उंच, हाडाचा काटक, फार न बोलणारा. तीस वर्षं तो पॅकिंगला होता. त्याची एक रीत होती. दांडा हातात घ्यायचा, उजेडाकडे धरून बघायचा, पिवळ्या फडक्याने पुसायचा आणि मग माझ्यात निजवायचा. ते फडकं गंज न लागू देणाऱ्या तेलात भिजलेलं असे. नवीन पोरांना तो सांगायचा, "पुसल्याशिवाय काही ठेवायचं नाही. तेल लागलं की माल निर्धास्त झोपतो." त्याने भरलेल्या मालाची तक्रार कधी आली नाही. एकदा बाहेरून तपासायला आलेल्या साहेबाने माझ्यातला एक दांडा उचलला, बोटाने चोळला आणि म्हणाला, "हे कोणी पॅक केलंय?" चिमाजीला पुढे बोलावून त्याने हात मिळवला. त्या दिवशी माझीही मान ताठ झाली होती. तेल माझ्या तळाच्या प्रत्येक खाचेत मुरलेलं होतं, आणि मला त्याचा अभिमान होता.

मग एका दुपारी फोर्कलिफ्टचं पातं माझ्या कोपऱ्यात घुसलं. कोपरा गेला तो गेलाच. कोणीतरी पोटावर तांबडी फुली मारली आणि मला कंपाउंडच्या भिंतीशी, भंगारात टाकलं. तिथे मी दोन उन्हाळे काढले. अंगावर धूळ बसली, पण आतलं तेल काही वाळलं नाही.

चिमाजी निवृत्त झाला त्या दिवशी त्याला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. आणखी काही हवं का, असं साहेबांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "एखादा फुटका क्रेट द्या." सगळे हसले. पण साहेबांनी गेटपास लिहून दिला. सोबत पिवळ्या फडक्यांचा एक गठ्ठाही त्याने मागून घेतला. असा मी दिघीला आलो.

दिघीला चिमाजी आणि त्याची बायको शालनबाई भाड्याच्या खोलीत राहत. मालकीण सुभद्राबाई, गावातल्या जुन्या घरातली, सत्तरीची. मागच्या बाजूला मोकळी जागा होती, आणि तिच्यापलीकडे लष्कराच्या जमिनीची लांबच लांब भिंत. त्या मोकळ्या जागेत शालनबाईची कोंबडी फिरत असे. पांढऱ्या-करड्या ठिपक्यांची म्हणून तिचं नाव कवडी. शालनबाई लग्न होऊन आली तेव्हा तिच्या आईने दोन कोंबड्या बरोबर दिल्या होत्या. त्यांच्या पिलांची पिलं, त्यांची पिलं, असं करत चाळीस वर्षं तो वंश चालत आला होता. कळंबहून भोसरीला आला, भोसरीहून दिघीला. आता त्यातली कवडी आणि एक कोंबडा, एवढेच उरले होते.

कोंबड्याचं मात्र चाळीत जमेना. शेजारच्या खोलीत सनी राहायचा. चाकणच्या कंपनीत त्याची रात्रपाळी होती. एक दिवस तो लाल डोळ्यांनी दारात उभा राहिला.

"काका, भांडायला नाही आलो. बारा तास उभा राहून येतो. डोळा लागला की तुमचा हा सुरू होतो. काल मशीनवर डुलकी लागली मला."

चिमाजीने स्वतः कितीतरी वर्षं रात्रपाळ्या केल्या होत्या. त्याने वाद घातला नाही. दुसऱ्याच दिवशी कोंबडा मोशीच्या एका नातेवाइकाकडे सांभाळायला दिला. त्या नातेवाइकाकडे चौथ्या दिवशी पाहुणे आले, आणि त्यांनी कोंबड्याचा रस्सा केला.

त्याच आठवड्यात कवडी खुडूक झाली. मित्रांनो, कोंबडी खुडूक होते म्हणजे तिला अंड्यांवर बसायची ओढ लागते. ती खाणं कमी करते, पिसं फुलवते, जवळ गेलं की गुरगुरते. कवडी पहिल्यांदाच खुडूक झाली होती. आणि नेमकी तेव्हाच शालनबाईला लातूरला जावं लागणार होतं. धाकटी लेक करिष्मा बाळंत व्हायची होती.

बॅग भरता भरता शालनबाई म्हणाली, "अहो, तुमाला जमायचं नाही ते. दोनदा पाण्यात बुडवून काढा तिला, खूळ उतरतंय."

"आणि मग?"

"मग काय. पुन्हा खुडूक होईल तवा कोंबडा कुठून आणणार? बिनकोंबड्याच्या अंड्यात पिलू धरत नसतंय. आता डब्यात हायेत तेवढीच अंडी कामाची. त्यातली बी चार कोंबडा गेल्यावरची."

"मग बसवू की तिला."

"तुमी?" शालनबाईने साडीची घडी बाजूला ठेवून त्याच्याकडे पाहिलं. "चाळीस वर्षांत कधी खुराड्यात हात घातला का? अंडं खायला तेवढं पुढं."

"एकवीस दिवस तर हायेत. तू ये, मी तुला पिलं दाखवतो."

ती हसली. पण निघताना बाजरीच्या डब्यात ठेवलेली अकरा अंडी तिने एकेक करून कानाशी हलवून पाहिली आणि त्याच्या हातात दिली. "विषमच ठेवावी लागतात," ती म्हणाली. "आईची आठवण हाय हो ती. बाकी काय सांगू." आणि ती गाडीला गेली.

त्या संध्याकाळी चिमाजीने मला बाहेरून पुसलं. लष्कराच्या भिंतीकडेचं वाळलेलं गवत कापून आणलं आणि माझ्या तळाशी जाड अंथरलं. मग अंडी घेऊन बसला. प्रत्येक अंड्यावर त्याने पेन्सिलीने नंबर घातला, एक ते अकरा. पाच अंडी स्वच्छ होती. सहा मळकी होती. कोणावर चिखल, कोणावर शीट. चिमाजीने ती उजेडाकडे धरून पाहिली. मळका माल त्याने आयुष्यात कधी क्रेटमध्ये ठेवला नव्हता. त्याचा हात आपोआप गठ्ठ्याकडे गेला. पिवळं फडकं निघालं. सहाही अंडी त्याने पुसून पुसून अशी चकचकीत केली, की त्यांत खिडकीचा उजेड दिसायला लागला.

मी ते बघत होतो, आणि मला बरं वाटलं. वाटलं, जुने दिवस परत आले. उन्हाळ्याचा ताव होता, माझ्यावर खोलीचा पत्रा पुढे आलेला होता, तोही तापलेला होता. माझ्या खाचांतलं तेल पातळ होऊन गवतात चढायला लागलं. मी ते अडवलं नाही. मी म्हटलं, मी माझं काम करतो आहे. जे माझ्यात निजलं आहे त्याला तेलाचं संरक्षण मिळतं आहे.

कवडीला आत ठेवताच तिने पायांनी अंडी चाचपली, चोचीने दोन जवळ ओढली, पंख पसरले आणि अशी बसली की जणू तिला खिळ्याने ठोकलं आहे.

चिमाजीने कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला एकवीस चौकोन आखले. दिवसातून एकदा कवडी उठायची, दाणे टिपायची, पाणी प्यायची, धुळीत लोळायची आणि वीस मिनिटांत परत यायची. ती उठली की चिमाजी घड्याळ बघे. ती परतली की चौकोनात खूण करी. शालनबाईचा फोन आला की "सगळं व्यवस्थित हाय," एवढं सांगे.

तिसऱ्या दिवशी सुभद्राबाई काठी टेकत मागे आल्या. भाडेकरूंच्या घरात काय चाललं आहे हे बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. कवडी नुकतीच दाणे टिपायला उठली होती. बाई माझ्यावर वाकल्या. थोडा वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी एक अंडं उचललं, अंगठा फिरवला आणि नाकाशी नेलं.

"चिमाजी, ह्याला काय लावलंय रं?"

"काही नाही आक्का. मळकी होती, पुसून ठेवली."

"कशानं पुसली?"

चिमाजीने फडकं दाखवलं. सुभद्राबाईंनी त्याचा वास घेतला आणि मान फिरवली.

"आरं, हे काय गाडीचं सामान हाय व्हय? अंड्याला बारीक बारीक भोकं असत्यात. आतलं पिलू त्यातनं दम घेतं. तू भोकं बुजवून ठिवली की सगळी."

सुभद्राबाईंनी गवत बाजूला करून माझ्या तळावर बोट घासलं आणि ते त्याच्यापुढे धरलं. बोट काळं झालं होतं.

"आन् हे खालनं येतंय ते येगळंच. ह्या बुट्टीतच तेल हाय. आज सहा हायेत, पाच दिसांत अकराच्या अकरा जात्यात."

मित्रांनो, त्या बोटाकडे बघताना मला काय वाटलं ते मी कसं सांगू. ज्याचा मी इतकी वर्षं अभिमान बाळगला, तेच माझ्या पोटातून वर चढत होतं आणि ज्यांना सांभाळायचं त्यांचाच श्वास कोंडत होतं. लोखंडाला श्वास नसतो. मला लोखंडाचीच सवय होती. चिमाजीलाही त्याचीच सवय होती. आम्ही दोघांनी कोणाला विचारलं नाही, कारण आम्हाला वाटत होतं, सांभाळायचं कसं हे आपल्याइतकं कोणाला ठाऊक आहे.

"दुसऱ्या पाटीत ठेवू?" चिमाजीने विचारलं.

"पहिलटकरीण हाय ती. जागा बदलली तर बसायची न्हाई. हीच बुट्टी धुवायची. आन् ती परत यायच्या आत."

चिमाजीने घड्याळाकडे पाहिलं. कवडी उठून सहा मिनिटं झाली होती.

मग तो असा हलला, की इतक्या वर्षांत मी त्याला तसा हलताना पाहिला नव्हता. अंडी त्याने सुभद्राबाईंच्या पदरात दिली. आंघोळीसाठी चुलीवर ठेवलेलं कढत पाणी उचललं, मला पालथं-उताणं करून त्यात भिजवलं आणि राखेने घासायला बसला. आधी राख, मग धुण्याचा सोडा, पुन्हा राख. नारळाच्या शेंडीने एकेक खाच खरवडली. पाणी काळं निघत होतं. वाफेने त्याची बोटं लाल झाली तरी तो थांबला नाही.

"नऊ मिनिटं ऱ्हायली," सुभद्राबाई म्हणाल्या. त्या पदरातली सहा अंडी कोरड्या राखेने हलक्या हाताने चोळून चोळून पुसत होत्या. "पाण्यात घालत न्हाई मी ही. निघंल तेवढं निघंल. पर चिमाजी, ह्या सहांचा भरवसा धरू नगं. फेकून दे म्हणते मी."

"नाही आक्का."

"आरं नासली तर फुटतील आत."

"तपासून बघू. तपासल्याशिवाय काही टाकायचं नाही."

त्याने मला तिसऱ्यांदा धुतलं, उन्हात धरलं, टॉवेलने पुसून कोरडं केलं. आतून बोट फिरवलं. बोट कोरडं आलं. मग त्याने फुटक्या कोपऱ्यातही बोट घातलं आणि तिथे राहिलेलं काळं काढलं. नवीन गवत अंथरलं. अंडी मांडायला हात पुढे केला तेव्हा सुभद्राबाईंनी त्याच्या मनगटावर चापट मारली.

"हात बघ आधी."

त्याच्या तळव्याच्या रेषांतही तेल होतं, जुनं, जन्माचं. तो पुन्हा राखेकडे गेला. शेवटी अंडी सुभद्राबाईंनीच मांडली. अकरावं ठेवलं आणि कवडी पंख झटकत आली. तिने मला एका बाजूने पाहिलं, दुसऱ्या बाजूने पाहिलं. आत पाय टाकला, काढला. चिमाजी भिंतीला टेकून श्वास रोखून उभा होता. कवडीने गवताची एक काडी चोचीने उचलून मागे टाकली आणि बसली.

"बसली बया," सुभद्राबाई म्हणाल्या आणि स्वतःही तिथेच दगडावर बसल्या.

त्याच दिवशी चिमाजीने फडक्यांचा गठ्ठा घराबाहेर काढला. पण शालनबाईला मात्र त्याने काही सांगितलं नाही. ती विचारायची, "कशी हाय कवडी?" तो म्हणायचा, "बसलीय." ती म्हणायची, "अंडी?" तो म्हणायचा, "हायेत." फोन ठेवला की तो माझ्याजवळ येऊन उकिडवा बसायचा आणि कवडीकडे बघत राहायचा. सुभद्राबाईंना ते समजलं होतं. एकदा त्या जाता जाता म्हणाल्या, "कोंबडी तुझी न्हाई, तिची हाय. तिला सांगितल्याबिगर कसं चाललं?"

आठव्या दिवशी दोघांनी अंडी तपासली. मागच्या मोरीत गोणपाट लावून अंधार केला. मोबाइलची बॅटरी लावून तिच्यावर अंडं धरलं, की आतलं दिसतं. पाच स्वच्छ अंडी होती ना, त्या पाचही अंड्यांत लाल बारीक शिरा पसरलेल्या दिसल्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. मधे एक काळा ठिपका हलत होता. चिमाजी पहिल्यांदा तो ठिपका बघून मागे सरकला.

"हललं," तो म्हणाला.

"मग काय, नाचंल व्हय," सुभद्राबाई म्हणाल्या. "पुढचं दाव."

पुसलेल्या सहांपैकी चारांत जीव नव्हता. दोनांत नुसती लाल कड होती, म्हणजे धरलं होतं आणि मेलं होतं. दोन कोरीच. पण सहा नंबर आणि नऊ नंबर, या दोनांत शिरा होत्या. फिकट, पण होत्या. नऊ नंबरचा ठिपका फार वेळाने हलला.

ती चार अंडी चिमाजीने लष्कराच्या भिंतीपाशी खड्डा करून पुरली. हात धुतले आणि त्याने स्वतःहून लातूरला फोन लावला. तो माझ्या शेजारीच बसला होता, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"अगं, चूक झाली माझ्याकडनं," तो म्हणाला. आणि त्याने काही न लपवता सांगितलं. फडकं, तेल, क्रेट, चार अंडी. पाच दिवस सांगितलं नाही, तेही सांगितलं.

शालनबाई म्हणाली, "तुमी मला म्हणाला असता तर मी राखेनं पुसायला सांगितलं असतं."

"व्हय."

"सात ऱ्हायली म्हणा."

"सात. म्हणजे पाच आणि दोन."

"सातच म्हणा. आता ऐका. अठराव्या दिवसापास्नं कोमट पाणी शिंपडायचं, नुसतं बोटानं. पत्रा लई तापतोय, त्याच्यावर वलं पोतं टाका. आन् हात धुवून शिवा. राग आलाय मला. पण तुमी टाकली नाहीत ती दोन, ते बरं केलं."

मग चिमाजी रोज सकाळी शिडी लावून पत्र्यावर चढायचा आणि ओलं पोतं पसरायचा. दुपारी ते वाळलं की पुन्हा चढायचा. एकदा रात्रपाळी करून आलेला सनी दात घासत उभा होता. त्याने विचारलं, "काका, घराला ताप आलाय का?" चिमाजीने खाली न बघता सांगितलं, "बादली दे." त्यानंतर सकाळची बादली सनीच द्यायला लागला. बाराव्या दिवशी करिष्माला मुलगी झाली. फोनवर शालनबाईने बाळाचं वजन सांगितलं आणि लगेच विचारलं, "पोतं टाकलं का?"

विसाव्या दिवशी दुपारी माझ्या पोटातून आवाज आला. आधी मला तो कळलाच नाही. लोखंड माझ्यात खडखडलं होतं, पण आतून कोणी कधी बोललं नव्हतं. कवडी खालच्या आवाजात कुक् कुक् करत होती आणि अंड्यातून तिला कोणीतरी उत्तर देत होतं. एकविसाव्या दिवशी सकाळपर्यंत पाच अंडी फुटली. पाच ओले, वाकडे, डुगडुगते जीव माझ्या तळावर धडपडू लागले आणि काही तासांत वाळून कापसाचे झाले. चिमाजीने कॅलेंडरवर शेवटची खूण केली. तिच्यापुढे त्याने एक चौकोन वाढवून आखला.

बाविसाव्या दिवशी सकाळी कवडी उठली. पिलांना घेऊन, माझ्या फुटक्या कोपऱ्यातून एकेकाला बाहेर उतरवत ती चालायला लागली. माझ्यात दोन अंडी राहिली. सहा नंबर थंड होतं, गप्प होतं. नऊ नंबरला एक टवका उडाला होता, ज्वारीच्या दाण्याएवढा. त्यातून फार बारीक आवाज येत होता.

सुभद्राबाईंनी अंडं कानाशी नेलं. "जित्तं हाय. पर ती आता परत बसायची न्हाई. पाच मागं लागल्यावर एकासाठी कोण बसतंय."

"मी बसतो," चिमाजी म्हणाला.

"कशावर?"

त्याने हात राखेने धुतले, नखंसुद्धा. स्वच्छ सुती धोतराचा तुकडा कोमट पाण्यात भिजवून पिळला, अंडं त्यात गुंडाळलं, टवका मोकळा ठेवला आणि सदरा वर करून ते पोटाशी धरलं. भिंतीला पाठ लावून माझ्या शेजारी मांडी घालून बसला.

"कवच सोलायला जाऊ नगं," सुभद्राबाई म्हणाल्या. "घाई केली की रगात येतंय. त्याचं त्यालाच फोडू दे."

सनी पाळीवरून आला. त्याने चिमाजीला तसं बसलेलं पाहिलं, सुभद्राबाईंकडे पाहिलं आणि बॅग खाली ठेवून म्हणाला, "काका, तुम्हीच खुडूक झालात."

"हळू बोल."

सनी आत झोपायला गेला नाही. सकाळपासून दोनदा वाजून थांबलेला फोन दहा मिनिटांनी पुन्हा वाजला. चिमाजीचे दोन्ही हात पोटाशी होते, म्हणून सनीने तो त्याच्या कानाला धरला.

"फोन का उचलेनात?" शालनबाई म्हणाली.

"बसलोय," चिमाजी म्हणाला. "नऊ नंबर घेऊन."

तिला कळलं. ती म्हणाली, "कपडा वाळू देऊ नका. आन् हलू नका." आणि फोन न ठेवता ती तशीच राहिली. मधूनमधून लातूरच्या बाळाचं रडणं ऐकू येत होतं.

ऊन वर आलं. चिमाजीच्या कपाळावरून घाम ओघळला, पाय बधिर झाले. एकदा आवाज बंद पडला. चिमाजीने मान खाली घातली आणि टवक्याशी तोंड नेऊन, कवडी करायची तसा, खालच्या आवाजात कुक् कुक् केलं. साठीला आलेला माणूस, कंपनीत कोणाशी दोन शब्द न बोलणारा. सनी हसला नाही. आतून उत्तर आलं.

दुपारी साडेबाराला टवक्याची रेघ झाली, रेघ गोल फिरली आणि टोपण उघडावं तसं वरचं कवच बाजूला झालं. चिमाजीच्या तळहातावर एक बारकं, काळसर, ओलं पिलू पडलं. त्याने एकदा मान उचलली आणि पुन्हा टाकली. मग पाय ताणले आणि पुन्हा उचलली.

"सहा," चिमाजी फोनकडे बघून म्हणाला.

"सहा," पलीकडून शालनबाई म्हणाली.

ते पिलू दिवसभर चिमाजीजवळ एका टोपलीत, कपड्यात राहिलं. संध्याकाळी कवडी पुन्हा माझ्यात येऊन बसली तेव्हा सुभद्राबाईंनी ते हळूच तिच्या पंखाखाली सरकवलं. कवडीने पंख थोडा उचलला आणि खाली केला.

शालनबाई पाच दिवसांनी परत आली. बॅग दारात ठेवून ती थेट मागे आली आणि पिलांत जाऊन बसली. "नऊ नंबर कोणतं?" तिने विचारलं. चिमाजीने दाखवलं. ते सगळ्यांच्या मागे होतं, पण चालत होतं. शालनबाईने ते हातात घेतलं, पंख उघडून बघितला, शेपटीची जागा बघितली. "कोंबडा व्हायचा हा," ती म्हणाली.

सनी दारातच होता. तो काही बोलायच्या आत सुभद्राबाई म्हणाल्या, "आरवायला लागला की माझ्या वावरातल्या गोठ्यात आणा. थितं म्हशी निजत्यात, त्यांना रातपाळी नसती. कवडीला बी अधनंमधनं धाडा. वंश ऱ्हाईल."

मित्रांनो, आता मी पुन्हा रिकामा आहे. पुढच्या खेपेची वाट बघत भिंतीला टेकून बसलो आहे. माझ्या अंगाला राखेचा वास येतो आणि मला तो आवडतो. पण भिंतीपाशी पुरलेल्या त्या चार अंड्यांची जागा मला इथून दिसते, म्हणून तुम्हाला एक विनवणी करतो. तुमच्या हाती कधी एखादी गोष्ट सांभाळायला आली, रोप असो, जनावर असो, घरातलं म्हातारं माणूस असो की तान्हं मूल, तर तुमच्याकडे जे आहे ते लगेच तिच्या अंगावर फासू नका. आधी तिच्यापाशी बसा. ती श्वास कुठून घेते ते बघा. ज्याला माहीत आहे त्याला विचारा, मग तो शेजारी असो की घरमालकीण. आणि चूक झाली तर ती सांगा आणि हात धुवून पुन्हा कामाला लागा. तुमच्यामुळे ज्याचा श्वास कोंडला आहे, त्याचा आवाज जोवर येतो आहे, तोवर उठू नका.